फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडते

परवा खानापूर शाखेतला पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला. "अक्का, हे कुठली भाषा ओ? इंग्रजी दिसायलीय, पण वाचायला येईना." उघडून बघितलं तर वार्षिक सभेची नोटीस, आणि तीही मराठीतलीच. टाइप केली त्या मशीनवर जुना फॉन्ट होता, इथे नव्हता. म्हणून अक्षरांच्या जागी कंस, स्वल्पविराम आणि एबीसीडीची खिचडी.

बेळगावातल्या शहापूरच्या एका पतसंस्थेत मी बावीस वर्षं पत्रव्यवहार बघते. सभासदांना मराठी, सरकारी कचेऱ्यांना कन्नड, बँकांना इंग्रजी. नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगते, फाइल तुझ्या मशीनवर छान दिसते याला काही किंमत नाही. ती उघडणार दुसऱ्याच्या मशीनवर.

आता हे जुने फॉन्ट. कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, कन्नडसाठी नुडीचे जुने फॉन्ट, सगळ्यांचं एकच. फाइलच्या पोटात खरं तर इंग्रजी अक्षरांचीच जागा वापरलेली असते, फॉन्ट फक्त वरून मराठीचं किंवा कन्नडचं सोंग चढवतो. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. युनिकोड म्हणजे सगळ्या मशीनवर एकसारखी चालणारी अक्षरं साठवायची पद्धत. त्यात तसं नसतं, तिथे 'क' म्हणजे 'क'च साठवला जातो. म्हणून नवीन काम युनिकोडमध्येच करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जोडून घ्या. मग विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार मारला की भाषा बदलते. फॉन्ट 'निर्मला यूआय' ठेवा. त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या आहेत, त्यामुळे एकाच पत्रात दोन भाषा आल्या तरी ओळी वरखाली होत नाहीत.

एक गोष्ट आपल्याकडच्या माणसांना मुद्दाम सांगते, कारण तिचा फायदा सगळ्यात जास्त आपल्यालाच. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी, शिका. त्यात 'के' वर क, 'एच' वर प, 'जे' वर र. आणि भाषा कन्नड केली तरी त्याच कळेवर तेच अक्षर, फक्त लिपी कन्नड! कन्नडातल्या ऱ्हस्व ए-ओसाठी दोन कळा वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागतात, एवढंच. मी टाइपरायटरवर शिकलेली, बोटं वळायला दीड महिना गेला. पण मराठीसाठी एक आणि कन्नडसाठी एक अशी दोन माणसं बसवायची गरज तिथेच संपली.

त्यातच ऱ्याचं बघा. 'तिसऱ्या हप्त्याची' असं लिहायचं असेल तर साधा र चालत नाही. शिफ्ट धरून 'जे' दाबा, ऱ येतो. मग 'डी' दाबून त्याचा पाय मोडा, मग प्रश्नचिन्हाची कळ शिफ्ट न धरता दाबा, तिथे य आहे. झालं ऱ्य, आता 'ई' दाबून काना द्या. साधा र घेतला तर रफार वर चढतो. सभेच्या जेवणाचे पैसे 'आचाऱ्यांना' द्यायचे असतात, कागदावर ते 'आचार्यांना' जातात.

आकार नीट बसत नसेल, म्हणजे इंग्रजी १२ आणि मराठी बारीक, असं झालं तर वर्डमध्ये कंट्रोल-डी दाबा. तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा खण असतो. वर्डच्या लेखी मराठी त्या खणात मोडते. फॉन्ट आणि आकार तिथेही भरावा लागतो.

आता स्पेसबार. टाइपरायटरवरून आलेल्या माझ्यासारख्यांची ही जुनी खोड. डावीकडे 'सेक्रेटरी', उजवीकडे 'चेअरमन', मध्ये दणादण स्पेस. आमच्या स्क्रीनवर चेअरमन काठाला बरोबर बसलेले, निपाणी शाखेत प्रिंट काढली की ते खालच्या ओळीत. विश्वास नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा. प्रत्येक स्पेसचा ठिपका दिसायला लागतो, रांगोळी काढायला बसल्यासारखे ठिपकेच ठिपके. त्यापेक्षा दोन खणांचं टेबल घाला, एकात सेक्रेटरी, दुसऱ्यात चेअरमन. दुसरा खण कंट्रोल-आर दाबून उजवीकडे सरकवा आणि 'नो बॉर्डर' करून रेघा काढून टाका. नवीन पान हवं असेल तर एंटर मारत खाली जाऊ नका, कंट्रोल-एंटर एकदाच.

माझा स्वतःचा सगळ्यात मोठा घोळ 'रिप्लेस ऑल'चा. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. सरकारी पत्रांत तसं लिहायला लागायचं. मी जुनी फाइल उघडली, कंट्रोल-एच, वर 'बेळगाव', खाली 'बेळगावी', आणि 'रिप्लेस ऑल'. खाली जोडलेल्या सभासद यादीत बेळगावकर आडनावाची माणसं होती, ते सगळे 'बेळगावीकर' झाले. एक म्हातारे काका पत्र घेऊन काउंटरवर आले आणि म्हणाले, "बाई, माझं बारसं कधी केलात?" तेव्हापासून मी 'फाइंड नेक्स्ट' दाबते, बघते, मग एकेक 'रिप्लेस'. यादीसारखा भाग असेल तर तो अजिबात धरत नाही. चूक लगेच लक्षात आली तर कंट्रोल-झेडने सगळं परत येतं. फाइल बंद केल्यावर मात्र नाही.

पाठवायच्या आधी पानाचा आकार ए-४ आहे का ते बघा. बऱ्याच जुन्या फाइली 'लेटर'वर असतात, मग शेवटची ओळ दुसऱ्या पानावर जाते. मग एफ-१२ दाबून 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये पीडीएफ निवडा, म्हणजे फॉन्ट फाइलबरोबरच जातो. फाइलचं नाव इंग्रजीत, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप ओळीने लागतात. 'फायनल', 'नवीन फायनल', 'हेच फायनल' असल्या नावांनी माझे किती दिवस वाया गेले विचारू नका.

मेलचं थोडक्यात. पत्ता सगळ्यात शेवटी लिहा. आधी फाइल जोडा, मग मजकूर, मग विषय, मग पत्ता. पत्ताच नसेल तर चुकून सेंड दाबलं तरी मेल जात नाही. विषयात 'अर्जंट' लिहून उपयोग नसतो, कचेरीतल्या माणसाला पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख दिसली तर तो फाइल काढतो. सभासदांना एकदम पाठवायचं असेल तर पत्ते 'बीसीसी'त घाला, तिथले पत्ते एकमेकांना दिसत नाहीत. आम्ही एकदा 'टू'मध्ये घातले, एकाने 'रिप्लाय ऑल' करून डिव्हिडंडची तक्रार मांडली, आणि दुपारपर्यंत निम्मी सभा मेलवरच झाली.

जीमेल असेल तर सेटिंग्जमध्ये 'अनडू सेंड' ३० सेकंदांवर ठेवा, मुळात ते ५ असतं. आणि स्कॅन केलेले कागद जोडताना २५ एमबीची हद्द लक्षात असू दे. रंगीत स्कॅन फार जड होतं, सही-शिक्क्याच्या कागदाला ग्रे स्कॅन पुरतं.

पीडीएफ गेली म्हणून वर्डची मूळ फाइल पुसू नका. खानापूरच्या पोराने तेच केलं होतं. पुढच्या सभेला नवे चेअरमन आले, आणि तो पूर्ण नोटीस परत टाइप करत बसला, त्याच जुन्या फॉन्टमध्ये.