इंदूरला समुद्र नाही, तरी आयर्नमॅन ७०.३ ची तयारी कशी करावी

आधी १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, लगेच २१.१ किलोमीटर धावायचं. तिन्हींची बेरीज मैलांत ७०.३ भरते, म्हणून हे नाव. भारतात ही शर्यत गोव्यात २०१९ साली सुरू झाली आणि जागतिक स्पर्धेचा ‘स्लॉट’, म्हणजे तिथे उतरायची जागा, या शर्यतीतून मिळवता येतो.

आपल्या माळव्यातली पहाट कोरडी, गार. गोव्याची हवा मात्र दमट, घाम वाळतच नाही. इथे झकास धावणारा तिथे शेवटचे काही किलोमीटर चालत काढतो. तेव्हा राहायचं इंदुरात, पण तयारी करायची ती गोव्याच्या हवेची.

हातात सहा महिने आणि आठवड्याला आठ-दहा तास हवेत. बहुतेक सराव बोलता बोलता करता येईल इतक्या बेताच्या वेगाने. जोराचा सराव आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. दर चौथा आठवडा हलका ठेवा. चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या.

पोहणं

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पोहण्याच्या टँकवर तळाची रेघ दिसते, भिंत आली की धरता येते. समुद्रात दोन्ही नाहीत. म्हणून टँकवरच डोळे मिटून दहा हात मारा आणि आपण डावीकडे सरकतो की उजवीकडे ते बघा. कुठल्या तरी बाजूला सरकणारच. मग दर सहा-आठ हातांनी डोळे जेमतेम पाण्यावर काढून समोरची खूण हेरायची, आणि तोंड कडेला वळवून श्वास घ्यायचा. मान पूर्ण उचलली की पाय बुडतात आणि दम जातो. आठवड्यातून एकदा भिंतीला हात न लावता अलीकडूनच वळून सलग दोन किलोमीटर पोहा.

शहराजवळच्या तलावांत एकट्याने उतरण्याचं धाडस नको. मुंबई-कोकणात नातलग नाहीत असं मराठी घर इंदुरात विरळाच. सुट्टीत तिकडे जाऊन जाणकारासोबत समुद्रात उतरा. गोव्याचं पाणी कोमट असतं, वेटसूटवर (गार पाण्यात घालायच्या रबरी पोशाखावर) पैसे घालवू नका.

सायकल आणि पोट

सराव सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर, उजाडताना, दिवे लावून. चढासाठी महूजवळचा जानापाव डोंगर. आपल्याकडे घोळक्याने, पुढच्याच्या आडोशाने चालवायची सवय आहे. शर्यतीत पुढच्या सायकलशी १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पाच मिनिटं थांबवतात. लांबच्या राइड निदान निम्म्या तरी एकट्याने करा.

ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, साखर-मीठ-लिंबाचं पाणी, काहीही चालेल, पण ते चालत्या सायकलवर खाऊन बघितलेलं हवं. रविवारची राइड पोहे-जिलबीवर संपते ती खुशाल संपू द्या. तो सराव धरायचा नाही.

सायकलवरून उतरून धावणं

याला ‘ब्रिक’ म्हणतात. शनिवारी तीन तास सायकल, लगेच बूट बदलून अर्धा तास धावणं. पहिली दहा मिनिटं पाय आपले वाटतच नाहीत, घाबरू नका. शर्यतीआधीचे दहा-बारा दिवस हे धावणं भर सकाळी अकराला, पाणी जवळ ठेवून. अंगाला उष्णतेची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. याच काळात अंतरं मात्र कमी करत आणा.

स्लॉट

साडेआठ तासांत शर्यत पूर्ण केली की मेडल मिळतं. वयोगटात पहिला येणाऱ्याला स्लॉट मिळतो, उरलेले स्लॉट वय जमेस धरून काढलेल्या कामगिरीच्या क्रमाने जातात. वयोगट ठरतो त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरच्या वयावरून. कुठल्या वर्षी उतरायचं ते हे बघूनच ठरवा. वरच्यांनी नाकारलेले स्लॉट खाली सरकतात, पण शर्यतीनंतर स्लॉट वाटताना हजर राहून, नाव पुकारताच लगेच पैसे भरावे लागतात. यंदाचे नियम स्पर्धकांच्या पुस्तिकेत नीट वाचून घ्या.

सायकल पेटीत भरायला पेडल काढताना डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात असू द्या, आणि परतीचं तिकीट शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीचं काढा.