लाकडी कॅम्परच्या छपराचे सांधे: सिलिकॉनची नळी आधी बाजूला ठेवा

मी नाटकाचे सेट बनवणारा सुतार. सेटचा सांधा तीन अंक टिकला की झालं. त्याच सवयीनं ट्रेलरवर १२ मिलीमीटर प्लायचा कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची झोपायची खोली, बांधला, छपराच्या फटींत सिलिकॉन भरलं आणि गोराईला मावशीच्या अंगणात उभा करून ठेवला. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत गादी भिजली. पाणी टपकत होतं दिव्यापाशी, पण शिरत होतं दोन फूट पुढच्या सांध्यातून. प्लायच्या आतल्या बाजूनं ओघळत यायचं. त्यामुळे जिथं टपकतं तिथं लगेच खरवडायला जाऊ नका.

फट नुसती भरून भागत नाही, कारण सांधा हलतो. प्लाय दमटपणात फुगतो, उन्हात आकसतो. कडेची आठ फुटी अॅल्युमिनियमची अँगलपट्टी (काटकोनात वळलेली पट्टी) ४० अंशांनी तापली तर दोनेक मिलीमीटर लांबते. माझं सिलिकॉन लाकडाच्या बाजूनं सोलल्यासारखं सुटून आलं होतं.

जुनं सिलिकॉन काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. ब्लेड आणि पटाशीनं आधी पूर्ण खरवडा, मगच पॉलिशपेपर लावा. उलट केलंत तर घासून घासून तेच सगळीकडे पसरतं. नंतर पाणी शिंपडून बघा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर सिलिकॉन अजून आहे, आणि त्यावर काहीही चिकटणार नाही. मी दोन रविवार यातच घालवले.

मग वाळवण. पाऊस संपेपर्यंत ताडपत्री टाकून गप्प बसलो आणि पुढचं काम एप्रिल-मेमध्ये केलं. ओल्या प्लायवर इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून कडक होणारा लेप) मारली की ओल आत कोंडते आणि प्लाय आतून कुजतो.

छपराच्या दोन प्लायमधला सांधा असा केला. प्लायच्या उघड्या कडा सर्वांत जास्त पाणी पितात, म्हणून त्यांना पातळ इपॉक्सीचे दोन हात. मग इपॉक्सीत बारीक भुसा कालवून चक्क्याइतका घट्ट लगदा केला आणि फट भरली. रेझिन-हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच घ्या, वजनकाट्यावर मोजून, आणि एका वेळी १०० ग्रॅमच्या वर कालवू नका. मी उत्साहात मोठा मग भरून कालवला, तर मगातूनच धूर यायला लागला. हातमोजे घाला.

लगदा कडक झाल्यावर घासून सपाट केला आणि वर चार इंची काचकापडाची (फायबरग्लासची) पट्टी, कापड पारदर्शक दिसेपर्यंत इपॉक्सीत भिजवून. कापड काटकोनात वळत नाही, म्हणून कोपरे आधी गोल करून घ्या. हे काम उन्हं उतरल्यावर करा. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि इपॉक्सीत बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड निवतं तेव्हा तो त्रास होत नाही. कापडाची वीण बुजेपर्यंत आणखी दोन हात. होड्यांना फायबर मारणारे बहुतेक पॉलिस्टर रेझिन वापरतात. स्वस्त पडतं, पण लाकडाला इपॉक्सीइतकं धरत नाही.

वाळल्यावर वर मेणचट थर आला तर पाण्यानं आणि घासणीनं धुवा, मग पॉलिशपेपर, मग पांढरा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. रंग टाळू नका, उन्हात उघडी इपॉक्सी खराब होते.

छप्पर आणि भिंत मिळतात त्या कडेला अँगलखाली ब्युटाईल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. ती मऊ राहते, पट्टी सरकली तरी सोडत नाही. स्क्रू स्टेनलेसचेच, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला डझनावारी मिळतात. भोक आधी पाडा, स्क्रू बेताचे आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे आवळा. बाहेर आलेली टेप कापून कडेला पीयू सीलंटची बारीक रेघ द्या.

तपासताना पाइप खालून वर न्या. आधी भिंत, मग कड, मग छपराचा सांधा, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर गळती कुठली ते कळत नाही. आत टॉर्च घेऊन मावशीला बसवलं होतं. कडेपर्यंत सगळं कोरडं होतं. छपराच्या सांध्यावर पाइप नेला तेव्हा आतून आवाज आला, "अरे, पाणी सोडलंस का नाही अजून?"