टॅब घेताय? स्टोरेजच्या या चुका टाळा

शाळा-कॉलेजं सुरू झाली की ठाण्यात गोखले रोडला आणि वाशीत सेक्टर १७ मध्ये मोबाईलच्या दुकानांत पालक आणि मुलं टॅब बघायला येतात. स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा सगळं निरखून होतं. स्टोरेजचं मात्र काउंटरवर अर्ध्या मिनिटात ठरतं. "ताई, ६४ जीबी घ्या, कमी पडलं तर मेमरी कार्ड टाका." असा सल्ला ऐकून घेतलेले कितीतरी टॅब वर्षभरात 'स्टोरेज फुल'वर येऊन अडतात. टॅबमधली स्टोरेजची चिप बोर्डावरच पक्की बसवलेली असते, ती नंतर बदलून मिळत नाही. म्हणून माझ्या मते हे आधी ठरवावं आणि रंग-कव्हर नंतर बघावं.

पहिली चूक म्हणजे खोक्यावरचा आकडा पूर्ण आपला समजणं. अँड्रॉइड, कंपनीची आधीच टाकलेली अ‍ॅप्स आणि अपडेटसाठी राखलेली जागा मिळून साधारण १५ ते २० जीबी पहिल्याच दिवशी गेलेले असतात. म्हणजे ६४ च्या टॅबमध्ये तुमच्या हाती पंचेचाळीसच्या आसपास उरतात. त्यातलेही शेवटचे पाच-सात वापरू नयेत. टॅबच्या स्टोरेज चिपला, म्हणजे फ्लॅश मेमरीला, नवीन काही लिहायला रिकामे कप्पे (ब्लॉक) लागतात. ते संपत आले की टॅब रखडतो, अपडेटही उतरत नाही. दुकानात डेमो पीस चालू असेल तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून 'सिस्टम'समोरचा आकडा स्वतः बघा. विक्रेता अडवत नाही.

आता कार्डाबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मेमरी कार्डावर फोटो, गाणी, पीडीएफ छान राहतात. अ‍ॅप्स मात्र बहुतेक टॅबमध्ये तिथे जात नाहीत. कार्डालाच आतलं स्टोरेज बनवायची सोय २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ सोबत आली खरी, पण अनेक कंपन्या ती बंद ठेवतात. क्लासच्या अ‍ॅपमधली लेक्चर्सही बरेचदा कुलूपबंद स्वरूपात त्या अ‍ॅपच्या पोटातच साठतात, कार्डावर हलवता येत नाहीत. समजा, घणसोलीहून ठाण्याला क्लासला जाणारी मुलगी गर्दीच्या गाडीत नेट अडकतं म्हणून लेक्चर्स आदल्या रात्रीच उतरवून ठेवते. मध्यम दर्जाच्या व्हिडिओला तासाला साधारण अर्धा जीबी धरा. रोजचे दोन तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर २५ जीबी झाले. ६४ च्या टॅबमधली तिची निम्म्याहून जास्त जागा एका महिन्यात संपली, आणि कार्ड तिच्या काहीच कामाचं नाही.

शिवाय प्रत्येक टॅबमध्ये कार्डाची जागा असतेच असं नाही. आयपॅडमध्ये ती कधीच नव्हती. २०२२ चा साधा आयपॅड ६४ जीबीपासून सुरू व्हायचा, २०२५ चा १२८ पासून सुरू होतो. जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून ६४ वाला उचलायचा मोह होईल, तो मुलांच्या अभ्यासासाठी तरी टाळा. आणि स्टेशनबाहेरच्या टपरीवर काहीशे रुपयांत मिळणारं '१ टीबी' कार्ड अजिबात घेऊ नका. अशी बनावट कार्डं टॅबला खोटी क्षमता सांगतात. खरी जागा संपली की जुन्या फायलींवर नव्या लिहीत सुटतात, आणि बारशाचे फोटो उघडेनासे झाल्यावरच ते कळतं. शंका असेल तर कार्ड रिकामं असतानाच संगणकावर 'एच२टेस्टडब्ल्यू' हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवून बघा.

रॅमसाठी, म्हणजे चालू अ‍ॅप्सना लागणाऱ्या तात्पुरत्या मेमरीसाठी, लिहिलेला '८+८ जीबी' हा आकडाही नीट वाचा. त्यातला दुसरा आठ म्हणजे जास्तीची रॅम नव्हे, तो तुमच्याच स्टोरेजमधून कापून घेतलेला असतो.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीवर, किती भिस्त ठेवायची? गुगलचे फुकट १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटले जातात. १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजतात. आयक्लाउडचे फुकट तर ५ जीबीच आहेत. फोटोंची दुसरी प्रत ठेवायला क्लाउड उत्तम, पण टॅबवर अ‍ॅपसाठी जागा त्याने वाढत नाही.

माझं मत विचाराल तर शिकणाऱ्या मुलासाठी १२८ च्या खाली उतरू नये. आजोबांना फक्त पेपर वाचायचा आणि व्हिडिओ कॉल करायचा असेल तर कार्डाची जागा असलेला ६४ चालेल. चित्रकला, व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठे गेम असतील आणि कार्डाची सोय नसेल, तर थेट २५६. फोर-के व्हिडिओचं एक मिनिट दीडशे-दोनशे एमबीवर सहज जातं, त्यामुळे तिथे काटकसर परवडत नाही.

टॅब घेऊन झालाय आणि भरलाय? मग आधी टेलिग्राम बघा. एमपीएससीच्या ग्रुपमधली उघडून पाहिलेली प्रत्येक पीडीएफ आणि व्हिडिओ तिथे साठत असतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज वापर उघडून कॅशे साफ करा आणि जुना मीडिया आठवड्याने आपोआप जाईल असं लावून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपमध्येही स्टोरेज मॅनेज करायचा पर्याय आहे, तिथे मोठ्या फायली वरच दिसतात. फोटो डिलीट करूनही जागा मोकळी झाली नसेल तर ट्रॅश रिकामा करा. आयपॅडवर 'नुकतेच हटवलेले' मध्ये फोटो महिनाभर पडून असतात. वाढीव रॅमची सोय ('८+८' मधला दुसरा आठ) बंद करून टॅब रीस्टार्ट केला तरी काही जीबी परत मिळतात. एवढं करूनही 'स्टोरेज फुल'ची सूचना हटत नसेल तर फायलींची प्रत टाइप-सी पेनड्राइव्हवर घ्या आणि मगच फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे टॅब पूर्ण पुसून नव्यासारखा करा. क्लासच्या अ‍ॅपचा लॉगिन आणि पासवर्ड त्याआधी वहीत लिहून घ्या, आणि दुसऱ्या डिव्हाइसवर लॉगिन चालतं का हे क्लासला विचारून ठेवा.