ऑक्युपेशनल थेरपीच्या पहिल्या वर्षी या चुका टाळा

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रुग्णाला रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीची उपचारपद्धती, शिकू लागलेले विद्यार्थी ज्या चुका करतात, त्यांत मला सर्वांत घातक वाटते ती कृती-विश्लेषणाला, म्हणजे एखादे काम टप्प्याटप्प्यांत सुटे करून पाहण्याला, दिलेली बगल. अंघोळ, जेवण, कपडे घालणे ही कामे आपण रोज करतो, तेव्हा ती आपल्याला ठाऊकच आहेत अशा समजुतीने ‘शर्ट घालणे’ या कृतीचे टिपण चार ओळींत उरकले जाते आणि लगेच उपचार सुरू होतात. वास्तविक बाही शोधणे, बसल्या जागी तोल सावरत हात मागे नेणे, दोन्ही कडा समोरासमोर जुळवणे यांपैकी प्रत्येक टप्प्याला वेगळे लक्ष आणि वेगळी हालचाल लागते, आणि हे टप्पे सुटे केल्याशिवाय रुग्ण नेमका कोठे अडतो ते समजत नाही.

माझ्या देखरेखीखालील एका विद्यार्थिनीकडे मेंदूच्या उजव्या भागातील पक्षाघातामुळे डावी बाजू कमकुवत झालेले एक गृहस्थ सोपवलेले होते. त्यांच्या शर्टाची बटणे नेहमी वरखाली लागत. बोटांचे कौशल्य कमी पडते असे ठरवून तिने डायनामोमीटरने पकड मोजली आणि बटणांच्या फळीवर सराव सुरू केला. फळीवरचे काम सुधारत गेले, शर्टाची बटणे मात्र चुकतच राहिली. अखेर मी तिला सकाळी कपडे बदलण्याच्या वेळी जाऊन, हात न लावता, फक्त पाहत राहण्यास सांगितले. गृहस्थ उजवा हात आधी घालत, डाव्या बाहीकडे त्यांचे लक्षच जात नसे, शर्ट डाव्या खांद्यावर चढत नसे आणि कडा वाकड्या झाल्याने बटणे चुकत. मूळ अडचण डाव्या बाजूकडे होणाऱ्या दुर्लक्षाची होती. फळी दर वेळी त्यांच्या उजवीकडे ठेवली जात असल्याने ही अडचण सरावात कधी उघडच पडली नव्हती. त्यानंतर डाव्या कफवर रंगीत पट्टी लावली आणि शर्ट मांडीवर पसरून प्रथम ती पट्टी शोधणे, डावा हात घालून बाही खांद्यापर्यंत ओढणे व मगच उजवा हात घालणे, असा क्रम बसवला.

तेव्हापासून कोणतेही साधन वा चाचणी हातात घेण्यापूर्वी रुग्णाला ते काम त्याच्या नेहमीच्या जागी आणि नेहमीच्या वेळी एकदा पूर्ण करताना पाहावे, असा माझा आग्रह आहे. तयार तक्ते भरून वेळ वाचवू पाहणाऱ्यांचा पुढे त्याहून अधिक वेळ वाया जातो.

दुसरी चूक उद्दिष्टांची. ‘हाताची ताकद वाढवणे’ असे लिहिलेले कागद मी परत करते, कारण ताकद वाढल्यावर तो माणूस काय करू शकणार हे त्यात कोठेच नसते. ‘दोन आठवड्यांत, पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसून, एकाच तोंडी सूचनेवर पुढून उघडणारा शर्ट घालणे’ असे लिहिले की मुदत, परिस्थिती आणि मदतीचे प्रमाण स्पष्ट होते.

रुग्ण चाचपडताना दिसला की मदतीला धावू नये. त्या चाचपडण्यातच निरीक्षण असते. स्प्लिंट (हात वा बोटे योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) बसवल्यावर काही वेळाने तो काढून त्वचा पाहावी, आणि लाली वीस मिनिटांनंतरही टिकली तर त्याचा आकार बदलावा.

१९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर’ या मूल्यमापनाच्या साधनात रुग्ण रोजच्या कामांतील आपल्या कामगिरीला आणि समाधानाला एक ते दहा यांदरम्यान स्वतः गुण देतो. रुग्ण विचारात पडला की अधीर विद्यार्थी ‘पाच लिहू का?’ असे सुचवून मोकळे होतात. पुढील मूल्यमापनात दोन गुणांचा फरक अर्थपूर्ण मानला जातो. पहिला आकडाच विद्यार्थ्याचा असेल, तर त्या फरकावरून रुग्णाविषयी काहीच सांगता येत नाही.