उबुंटूवर प्रोग्रॅमिंगची पहिली जमवाजमव

उबुंटू टाकलं की चार भाषा आणि दोन आयडीई (कोड लिहायची-चालवायची मोठी सॉफ्टवेअरं) एकदम चढवायचा मोह होतो. तो आवरा. जी भाषा शिकायची तिच्यापुरतंच घ्या, आणि तेही शक्यतो उबुंटूच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे त्याच्या अधिकृत सॉफ्टवेअर-साठ्यातून, ॲप्ट या इन्स्टॉल करायच्या आज्ञेने. तिथली आवृत्ती थोडी जुनी असते, पण अपडेट आपोआप होतात.

सी आणि सी++ साठी 'बिल्ड-इसेन्शियल' हे एक पॅकेज पुरतं. त्यात जीसीसी आणि जी++ हे कंपायलर, बिल्ड करायचं मेक आणि लागणाऱ्या हेडर फाइल येतात. जीडीबी हा डीबगर (चुका शोधायचं साधन) मात्र वेगळा घ्यावा लागतो. टर्बो सीवर शिकलेल्यांना पहिली ठेच लागते ती कोनिओ.एचची. ती हेडर डॉसच्या कंपायलरांची, लिनक्सवर नाहीच. ती ओळ आणि क्लिअरस्क्रीन काढा, व्हॉइड मेनचं इंट मेन करा. दुसरी ठेच: मॅथ.एच घेऊनही 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी'. हेडरमध्ये फंक्शनची नुसती ओळख असते, कोड वेगळ्या लायब्ररीत असतो. म्हणून कंपाइलच्या आज्ञेत -एलएम (गणिताची लायब्ररी जोड) लिहायचं, आणि तेही शेवटी. उबुंटूवर फाइलच्या नावाआधी लिहिलं तर एरर तशीच राहते.

पायथन आधीपासून असतोच, उबुंटू 24.04 मध्ये 3.12 ही आवृत्ती. सिस्टिमची बरीच कामं त्याच्यावर चालतात, त्यामुळे तो काढायचा नाही की बदलायचा नाही. पिप (पायथनची पॅकेजं आणणारं साधन) थेट चालवलं तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार मिळतो. त्यावर 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय सुचवणारे भेटतील. काय होणार ते नावातच लिहिलंय! त्यापेक्षा 'पायथन3-व्हेन्व्ह' हे पॅकेज घ्या, 'पायथन3 -एम व्हेन्व्ह सराव' चालवून सिस्टिमपासून वेगळं 'सराव' नावाचं फोल्डर करा, मग 'सोर्स सराव/बिन/ॲक्टिव्हेट'. प्रॉम्प्टच्या आधी कंसात 'सराव' दिसलं की पिप बिनधास्त वापरा. बिघडलंच तर फोल्डर उडवून नवं करता येतं.

जावाला 'डीफॉल्ट-जेडीके' हे पॅकेज. नुसतं जेआरई, म्हणजे प्रोग्रॅम फक्त चालवणारं, घेतलं तर जावासी हा कंपायलर मिळत नाही.

एडिटरवरून वाद घालण्यात वेळ घालवू नका. 4 जीबी रॅम असेल तर जीनी, पायथनच्या अगदी सुरुवातीला थॉनी. 8 जीबी असेल तर व्हीएस कोड खुशाल घ्या.

इन्स्टॉल करताना 'कुड नॉट गेट लॉक' आलं तर बहुधा मागे अपडेट चालू असतं. लॉकची फाइल डिलीट करायचा सल्ला ऐकू नका, पॅकेजांची नोंद अर्धवट राहू शकते. थोडं थांबून आज्ञा पुन्हा द्या.