आधी वजन, मग मोटर : आरसी विमान आणि बोट बांधू पाहणाऱ्यांसाठी

रिमोटवर चालणारे विमान किंवा बोट बांधायची ठरवली की नवशिका दुकानात जाऊन पहिली चौकशी मोटरची करतो, आणि पुढची बरीचशी फरफट तिथूनच सुरू होते. मोटर आधी घेतली की तिला साजेशी बॅटरी, त्या बॅटरीला पेलणारा सांगाडा आणि त्या सांगाड्याला उचलण्यासाठी पुन्हा मोठी मोटर, असे चक्र फिरत राहते. मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्सा लाकूड कापायला शिकलो, पुढे नोकरी सांभाळून छंद चालू ठेवला आणि आता सुट्टीच्या दिवशी अभियांत्रिकीच्या मुलांना मॉडेल बांधायला मदत करतो. त्यांना मी क्रम एकच सांगतो : पूर्ण तयार मॉडेलचे वजन आधी ठरवावे, त्यावरून लागणारे वॉट काढावेत, मग प्रोपेलर निवडावा, आणि तो प्रोपेलर फिरवू शकेल अशी मोटर व बॅटरी शेवटी घ्यावी.

विमानाचे उदाहरण घेऊ. साधारण १.२ मीटर पंखविस्ताराचे, पंख वरच्या बाजूला असलेले शिकाऊ विमान फोमबोर्डात बांधले तर बॅटरीसह ९०० ग्रॅमच्या आसपास बसते. शांतपणे उडणाऱ्या अशा विमानाला दर किलोमागे १५० ते २२० वॉट पुरतात, म्हणजे आपल्याला १३५ ते २०० वॉट हवेत. कागद चिकटवलेला ५ मिलिमीटरचा फोमबोर्ड मागितला तर दुकानदार पुष्कळदा पाट्यांसाठीचा सनबोर्ड हातात देतो. त्यातला पीव्हीसीचा सनबोर्ड त्याच जाडीत कित्येक पट जड असतो, तेव्हा पुण्यात घ्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून इतर सामान आणताना जवळपास शोधा, पण तुकडा हातात तोलून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फोमबोर्डातल्या थर्माकोलसारख्या फोमवर फेव्हिक्विक टाकले की तो विरघळतो, म्हणून जोडणीसाठी ग्लू गन वापरावी आणि तीही बेताने, कारण या गोंदाचे वजन शेपटीकडे साठत जाते आणि ते तोलण्यासाठी मग नाकात शिसे भरावे लागते.

आता प्रोपेलर. त्याच्यावर १० गुणिले ४.५ असे छापलेले असते. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः किती पुढे सरकेल त्याचा, आणि दोन्ही इंचात. मोटरवरचा केव्ही हा आकडा भार नसताना दर व्होल्टमागे मिळणारे फेरे सांगतो. बाजारात सहज मिळणारी २२१२ आकाराची १००० केव्हीची ब्रशलेस मोटर तीन सेलच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर, म्हणजे ११.१ व्होल्टवर, कागदावर मिनिटाला ११,१०० फेरे देते. प्रोपेलर चढवल्यावर ते ८,०००च्या आसपास येतात. ८,००० गुणिले ४.५ इंच केले की ताशी सुमारे ५५ किलोमीटर येतात. विमान सरळ उडताना सहसा यापेक्षा वेगाने जात नाही, मात्र शिकणाऱ्याला त्याहून जास्त वेग नकोच असतो.

बहुतेक नवशिके घसरतात ते इथे : ओढ कमी वाटली की एक इंच मोठा प्रोपेलर लावतात. समान फेऱ्यांना लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे १० इंचांचे ११ झाले की मागणी जवळपास दीडपट होते. मोटर थोडी मंदावते म्हणून प्रत्यक्षात वाढ तितकी दिसत नाही, पण तारांतून जाणारा प्रवाह मात्र चढतोच. म्हणून माझ्या मते ट्रान्समीटरनंतरची (म्हणजे हातातल्या रिमोटनंतरची) दुसरी खरेदी व्होल्ट, अँपिअर आणि वॉट दाखवणाऱ्या वॉटमीटरची असावी. तो बॅटरी आणि ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) यांच्या मध्ये जोडायचा, विमान टेबलाला घट्ट बांधायचे, प्रोपेलरच्या समोर किंवा रेषेत कोणी उभे राहणार नाही याची खात्री करायची आणि थ्रॉटल (मोटरचा वेग वाढवणारी रिमोटवरची दांडी) दहा सेकंदांपुरते पूर्ण द्यायचे. वर सांगितलेल्या मोटरवर १० गुणिले ४.५ प्रोपेलर लावून मी मोजतो तेव्हा ११.४ व्होल्ट आणि १४ अँपिअरच्या जवळपास आकडे येतात, म्हणजे १६० वॉट. आपल्या ९०० ग्रॅमच्या विमानाला हे अगदी माफक आहे. ११ इंचांचा प्रोपेलर चढवला की प्रवाह १८च्या पुढे सरकतो, आणि थोड्या वेळाने मोटरवर बोट टेकवणे कठीण होते.

मोजलेल्या प्रवाहाच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा ईएससी घ्यावा. १४ अँपिअरसाठी ३० अँपिअरचा घेतला की उन्हाळ्यातही काळजी राहत नाही. बॅटरी जास्तीत जास्त किती प्रवाह देऊ शकते हे काढायला तिच्यावरचा सी हा आकडा क्षमतेने गुणायचा असतो : २२०० मिलिअँपिअर-तासाची २५ सी बॅटरी कागदावर ५५ अँपिअर देते, तरी छापील सीवर निम्माच विश्वास ठेवावा. लायपोचा सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टवर असतो आणि भाराखाली ३.५च्या खाली गेला की त्याचे आयुष्य घटू लागते, त्यामुळे क्षमतेच्या ८० टक्केच वापरायची. २२०० पैकी १७६० वापरले आणि उड्डाणात सरासरी ८ अँपिअर ओढले तर १३ मिनिटे मिळतात. पहिल्या दिवसांत ट्रान्समीटरचा गजर ८ मिनिटांवर लावलेला बरा. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल करायच्या. ही सगळी जुळवाजुळव प्रोपेलर काढून ठेवूनच करायची, आणि याला अपवाद नाही.

विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या पुढून मागे मोजलेल्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर असावा. २० सेंटिमीटर रुंद पंखात ती जागा ५ ते ६ सेंटिमीटरवर येते. नाक किंचित जड असलेले विमान कंटाळवाणे उडते, शेपूट जड असलेले बहुधा एकदाच उडते.

बोटीकडे वळताना विमानाचे बरेच आडाखे बाजूला ठेवावे लागतात. मुळात हा छंद पाण्यावरूनच सुरू झाला : निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी नियंत्रणाची बोट १८९८ साली दाखवली, तेव्हा राइट बंधूंचे विमानही उडाले नव्हते. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये आजही जहाजांची मॉडेल बांधायला शिकवतात, आणि सुरुवात करायला टग (मोठी जहाजे ओढणारी बोट) किंवा मासेमारीच्या नावेसारखे संथ मॉडेल सर्वोत्तम. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या अशा तळाच्या बोटीला वेगाची नैसर्गिक मर्यादा असते; पाण्यावरील लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.५ने गुणले की ती साधारण ताशी किलोमीटरमध्ये मिळते. एक मीटरच्या टगला ताशी ४.५ किलोमीटरपलीकडे ढकलायला जाल तर वाढवलेली शक्ती फक्त लाट मोठी करण्यात खर्च होते, म्हणून अशा बोटीला ५४० आकाराची साधी ब्रशवाली मोटर आणि सात-साडेसात व्होल्ट पुष्कळ झाले.

पाण्यावर उचलून धावणाऱ्या, खोल व्ही आकाराच्या तळाच्या बोटीची गोष्ट वेगळी. तिचा प्रोपेलर मिलिमीटरमध्ये मोजतात. ३६ मिलिमीटर व्यास आणि १.४ पिच-गुणोत्तर (पिच भागिले व्यास) असेल तर एका फेऱ्यात सुमारे ५० मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला २०,००० फेऱ्यांना, पाण्यात प्रोपेलर घसरल्याने होणारी घट न धरता, ताशी ६० किलोमीटर. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असल्याने एवढासा पंखाही मोटरला घाम फोडतो, आणि बोटीच्या बंद धडात (हलमध्ये) वाऱ्याचा झोत नसतो. म्हणून मोटरभोवती पाण्याचे जॅकेट आणि ईएससीवर पाण्याच्या नळ्या लागतात. सुकाणूजवळच्या छिद्रातून आत शिरलेले पाणी बाजूच्या भोकातून पिचकारीसारखे बाहेर पडताना काठावरून दिसते. ती धार बारीक झाली की थ्रॉटल सोडून बोट परत आणायची. विमानाच्या बहुतेक ईएससींना उलट गती नसते, हेही खरेदीपूर्वी तपासावे, नाहीतर काठाला टेकलेली बोट मागे घेता येत नाही. मोटर आणि प्रोपेलर जोडणाऱ्या शाफ्टच्या नळीत जलरोधक ग्रीस भरावे, झाकणाभोवती टेप लावावी, टोकांत फोमचे तुकडे ठासावेत आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जात नसल्यामुळे रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर उभी ठेवावी. आपल्याकडच्या तळ्यांत जलपर्णी नसलेला कोपरा शोधणे हाच निम्मा उद्योग असतो; तिचे एक मूळ शाफ्टला गुंडाळले गेले की प्रवाह क्षणात दुप्पट होतो.

विमान उडवण्यापूर्वी २०२१चे ड्रोन नियम वाचावेत. शिक्षण वा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात चालवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (बनावटीचे सरकारी प्रमाणपत्र) लागत नाही, पण विमानतळांभोवतीच्या, परवानगीशिवाय उड्डाण बंद असलेल्या लाल आणि पिवळ्या क्षेत्रांचे बंधन मॉडेललाही आहेच. या क्षेत्रांचा नकाशा पाहूनच मैदान ठरवावे. पुणे आणि मुंबई परिसरात यामुळे मोकळी जागा शहराबाहेरच मिळते.

अभियांत्रिकीच्या मुलांना या छंदाचा अभ्यासात उपयोग होतो का, असे पालक विचारतात. वजन उचलण्याच्या आंतरमहाविद्यालयीन विमान-स्पर्धांत आणि ड्रोन बनवणाऱ्या कंपन्यांच्या मुलाखतींत विमान किती सुंदर दिसते यापेक्षा प्रोपेलर असाच का निवडला हे विचारले जाते. त्यासाठी प्रत्येक मॉडेलमागे वहीचे एक पान ठेवावे : तयार वजन, प्रोपेलर, व्होल्ट, अँपिअर, चाललेली मिनिटे, परत चार्ज करताना बॅटरीत गेलेले मिलिअँपिअर-तास आणि मोटर हाताला किती तापलेली लागली. दुसरे मॉडेल बांधायला घ्याल तेव्हा दुकानात हे पान सोबत न्यावे.