फायनल इयरची सिरीज सहाव्या चित्राला अडकली तर काय करायचं

पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला स्वतःची सिरीज, म्हणजे एकाच विषयावरची चित्रमालिका, करायची म्हटलं की पोरांना सगळ्यात आधी एकच सल्ला मिळतो, "आधी स्वतःची स्टाईल शोध." या सल्ल्यानं मी लई पोरांचं वर्ष वाया गेलेलं बघितलंय. स्टाईल शोधायला बसलेला माणूस फोनवर दुसऱ्यांची चित्रं बघत बसतो, दोन महिने जातात, आणि जे हाताला लागतं ते कुणाचं तरी उसनं असतं. माझ्या स्वतःच्या चार सिरीज झाल्या, आणि दरवर्षी फायनलची पोरं त्यांची चित्रं घेऊन माझ्याकडं येतात, त्यावरून सांगते.

विषयासाठी वहीत शब्द लिहू नका. "स्त्री", "काळ", "निसर्ग आणि माणूस" हे सगळे खोडा. घरापासून गाडीवर अर्ध्या तासात पोचता येईल, वीस वेळा गेलं तरी कुणी हाकलणार नाही अशी एक जागा धरा. कपिलतीर्थ मार्केटमधला पहाटेचा भाजीचा कट्टा, उद्यमनगरातलं लेथचं दुकान, चप्पल शिवणाऱ्या काकांची ओसरी, काहीही चालेल. फक्त जागा कोल्हापूरची आहे म्हणून चित्र कोल्हापुरी दिसलंच पाहिजे या नादाला लागू नका. फेटा, पैलवान, जोतिबाचा गुलाल हे सगळं आधीच इतकं रंगवून झालंय की त्यात तुमचं स्वतःचं बघणं कुठं आहे ते कळतच नाही.

पन्नास-साठ स्केचेस करा, तिथंच बसून, फोटोवरून नाही.

कॅनव्हास सगळे एकाच मापाचे ताणा, दोन बाय तीन फूट पुरे. मापं बदलली की चित्रं एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

पहिली पाच-सहा चित्रं आपोआप होतात, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खरं अडतं त्याच्यापुढं आणि तिथं नेमकं कुणी काही सांगत नाही, म्हणून हे सगळं लिहितेय.

मी शेवटच्या वर्षाला गुऱ्हाळ घेतलं होतं. नदीपल्याड पन्हाळ्याच्या वाटेवरचं, ओळखीतल्यांचं. सीझन लागला की रोज संध्याकाळी जायचे. काहील म्हणजे रस उकळायची मोठी कढई, तिच्या खालच्या चुलवाणातला जाळ, चिपाडाचा ढीग, काठावर उभा गुळव्या म्हणजे गूळ करणारा, वर चढणारी वाफ. दोन महिन्यांत सहा चित्रं झाली, घरात सगळे खूश, मी पण खूश. सरांनी सहाही भिंतीला टेकवून ठेवायला लावली, पाचेक मिनिटं बघितली आणि विचारलं, "यातलं कुठलंही एक बाजूला काढलं तर बाकीच्यांचं काय अडेल?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. सहा चित्रांत एकच गोष्ट सहा वेळा सांगितलेली होती, गुऱ्हाळ सुंदर असतं, एवढीच.

त्या रात्री मला विषय बदलावासा वाटला. तुम्हाला पण वाटणार, शंभर टक्के वाटणार, आणि हीच चूक आहे. मी त्यानंतर पंधरा दिवस रंकाळा तलावावर म्हशी रंगवायला गेले आणि ते पंधरा दिवस मला परत मिळाले नाहीत, कारण नव्या विषयाची पहिली पाच चित्रं पण तशीच सोपी जातात आणि सहाव्याला माणूस परत तिथंच येऊन उभा राहतो. विषय बदलू नका. हात जोडून सांगते.

मग करायचं काय? झालेली सगळी चित्रं जमिनीवर ओळीनं मांडा आणि फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. रंग गेला की खरं दिसतं. माझ्या सहाही चित्रांत उजेड डावीकडं खाली, माणूस उजव्या तिसऱ्या भागात, वाफ वरच्या कोपऱ्यात. हे मी ठरवून केलंच नव्हतं, हाताला सवय लागली होती. ही यादी लिहून काढा, जे तीनपेक्षा जास्त चित्रांत येतंय ते सगळं लिहा.

आता प्रत्येक चित्रातला असा एक तुकडा शोधा जो रंगवताना तुम्हाला येत नव्हता, जिथं दोनदा खरवडून परत रंग लावलाय. चांगला जमलेला तुकडा नको, अडलेला हवा. माझ्या सहाही चित्रांत तो वाफेचा होता. मी प्रत्येक वेळी वाफ म्हणून पांढरा रंग फासून पुढं गेले होते. मग परत गुऱ्हाळात जाऊन नुसती बघत बसले, स्केचबुक न काढता. वाफ दाट झाली की काहिलीत काय चाललंय ते दिसतच नाही, गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी होते का ते बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. त्याला डोळ्यानं जे कळत नव्हतं ते बोटांना कळत होतं. माझा प्रश्न तिथं सापडला: जे झाकलं गेलंय ते तिथं आहे हे चित्रात कसं कळणार? हा प्रश्न गुऱ्हाळाचा आहे तसा रंगाचा पण आहे. तुमचा प्रश्न असा दोन्हीकडचा असला पाहिजे, नुसता "कामगारांचं जीवन दाखवायचंय" हा प्रश्न होत नाही.

प्रश्न सापडला की पुढची तीन चित्रं कागदावर, लहान, एका आठवड्यात करायची आणि प्रत्येकात एकच अट बदलायची. मी पहिल्यात माणूस काढून टाकला, दुसऱ्यात जाळाचा उजेड काढला, तिसऱ्यात काहील पूर्ण काळजीनं रंगवली आणि मग वरून वाफेनं जवळजवळ सगळी झाकली. तिसरं चित्र बघितल्यावर मला झोप लागली नाही, इतकं ते आधीच्या सहांपेक्षा वेगळं होतं. दोन अटी एकदम बदलू नका, काय केल्यानं फरक पडला ते कळत नाही.

इटलीतल्या मोरांदी या चित्रकारानं बोलोन्या शहरात राहून आयुष्यभर त्याच बाटल्या आणि भांडी रंगवली, मांडणी जराशी सरकवायची, उजेड बदलायचा, की नवं चित्र. लांब कशाला, आपल्या कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान, त्यांनी कोटितीर्थ तलाव आणि रंकाळा पुन्हा पुन्हा रंगवला. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन चित्रांसमोर उभे राहायची सवय लावा, मोबाईलवर पाण्यातला टोन, म्हणजे रंगाचा गडद-फिकेपणा, कळत नाही.

या टप्प्यावर मटेरियलचा पण विचार करावाच लागतो, कारण प्रश्न रंगातच सोडवायचा असतो. मी आधी टायटॅनियम व्हाइट वापरत होते, तो झाकून टाकतो, खालचं काही उरत नाही. झिंक व्हाइट जास्त पारदर्शक, त्याचा पातळ थर दिला की खालची काहील अर्धवट दिसत राहते, पण ऑइलमध्ये झिंकचा जाड थर पुढं ठिसूळ होऊन तडकतो, त्यामुळं पातळच लावा. खालचे थर बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात केले तर लवकर वाळतात, आयव्हरी ब्लॅक लई रेंगाळतो. आणि खाली कमी तेल, वर जास्त तेल हा नियम घाईत मोडू नका, माझं एक चित्र त्यामुळंच भेगाळलंय.

यानंतरची आठ चित्रं मला तीन महिने पुरली, आणि त्यात कंटाळा आला नाही.

प्रदर्शनात लावायच्या चित्रांची निवड करताना मित्रांना "कुठलं आवडलं?" असं विचारू नका, सगळे सर्वात गोड दिसणारं सांगतात. सरांचाच प्रश्न विचारा, हे काढलं तर बाकीच्यांचं काय अडेल. काही अडत नसेल तर ते घरी ठेवा, कितीही जीव लावून केलेलं असू दे. मी चौदातली सात लावली. पहिल्या सहातलं एकच ठेवलं, सुरुवातीला, कारण ते नसतं तर वाफेनं काय झाकलंय ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

चित्रांसोबत लावायचं स्टेटमेंट पाच-सहा ओळींचं, मराठीत आधी लिहा, "अस्तित्व" आणि "अंतर्मन" हे शब्द न वापरता. कुठली जागा, कुठला प्रश्न, काय बदलत गेलात, बस्स.

शेवटच्या कॅनव्हासला ज्युरीच्या, म्हणजे परीक्षक बघायला येतात त्याच्या, किमान तीन आठवडे आधी हात लावायचा थांबवा, पावसाळ्यात असेल तर अजून आधी. टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवा, आणि दोन चित्रांमध्ये एका चित्राएवढी मोकळी भिंत सोडा.